मामूची माशी

माझ्या मामूचा मासेमारीचा मोसम वर्षातून जेमतेम पंधरा दिवसांचा असायचा. भादव्यातली पौर्णिमा गेली की सुरू आणि घटस्थापनेच्या आदल्या दिवशी बंद. एरवी त्याला नदी आठवायची नाही. कारण सरळ होतं. मामू मणियार. माहूरला त्याचं बांगड्यांचं दुकान. नवरात्रात रेणुकादेवीच्या दर्शनाला लाखभर माणसं गडावर येतात, बायका देवीचा तांबूल घेऊन उतरतात आणि उतरताना हातभर बांगड्या भरून घेतात. त्या दिवसांत मामूला नमाजला उठायलाही कसरत करावी लागायची. वर्षाची निम्मी कमाई त्या नऊ-दहा दिवसांत. म्हणून त्याआधीचा पितृपक्ष, जेव्हा कुणी नव्या बांगड्या घेत नाही, तो मामूच्या सुट्टीचा काळ. दुकानात गिऱ्हाईक नाही आणि पैनगंगेत पाणी निवळलेलं. असा योग वर्षातून एकदाच.

नदीकाठी वाढलेल्यांना हे दिवस माहीत असतात. आषाढ-श्रावणात पैनगंगा गढूळ, काळ्या मातीच्या रंगाची असते. भादवा सरता सरता पूर ओसरतो, पाणी आधी चहासारखं आणि मग हिरवट होतं. खळाळत्या जागेतले दगड पुन्हा दिसू लागतात. दिवसा ऊन चटकतं, संध्याकाळी हवेत पहिला गारवा येतो. आणि सूर्य बुडायच्या सुमारास नदीतून पाखरं निघतात.

पाखरं म्हणजे पक्षी नव्हेत. तांदळाएवढे, गव्हाएवढे किडे. पंख शिडासारखे उभे, शेपटीला दोन-तीन लांब केस. पाण्यातूनच वर येतात, पाण्यावर क्षणभर बसतात आणि उडतात. खळाळावर त्यांचा धूर उठल्यासारखा थवा नाचतो. त्याच वेळी पाण्यावर गोल गोल वर्तुळं उमटू लागतात, जणू वरून कुणी खडे टाकतंय. पण खडे वरून पडत नसतात. खालून मासे तोंड वर काढत असतात.

मामू हे बघत बसायचा. गळ टाकायच्या आधी अर्धा तास नुसता बघायचा. मी लहान, मला घाई. मी म्हणायचो, ‘मामू, डालो ना!’ तो म्हणायचा, ‘पहले देख. वो क्या खारे, वो देख. फिर डाल.’

बाकी लोक गांडूळ लावायचे, कणकेचा गोळा लावायचे. त्याला खालचे मासे लागतात, मरळ, शिंगाळा, कधी वांब. पण पाखरं निघाली की वरच्या पाण्यातले चंदेरी मासे दुसऱ्या कशाला तोंड लावत नाहीत. भरल्या ताटावर बसलेल्याला चणे दाखवून काय उपयोग? आणि खरं पाखरू गळाला लावायला जावं तर ते चिमटीतच विरघळतं. मामूनं यावर स्वतःच तोड काढली होती. देशी कोंबड्याच्या मानेचं पीस. घरात कोंबडा कापला की मान त्याच्या ताब्यात. त्यातलं एक बारीक, ताठ पीस तो सगळ्यात लहान गळाच्या दांडीवर रेशमाच्या धाग्यानं गुंडाळायचा. पिसाचे केस चहूबाजूंनी उभे राहायचे. पाण्यावर टाकलं की त्या केसांच्या टोकांवर गळ तरंगायचा, बुडायचा नाही. दोन हात लांबून बघितलं तर पाखरूच.

बायकांच्या हातात काचेची बांगडी न फोडता चढवणारी ती बोटं. पीस गुंडाळताना मी ती बघत राहायचो.

काठी वेळूची, चक्रीबिक्री काही नाही. दोरी सुताची, तीन पदरी वळलेली आणि मेण चोळलेली. ती टोकाकडे बारीक होत जायची आणि शेवटी हातभर नायलॉनचा धागा. याचं कारण मला खूप उशिरा कळलं. नेहमीच्या गळाला शिशाचा तुकडा असतो, त्याच्या वजनानं दोरी लांब जाते. पिसाला वजनच नाही, ते फेकणार कसं? म्हणून वजन दोरीला द्यायचं. काठी मागे न्यायची, दोरी मागे पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं आणि मग पुढे. दोरी हवेत उलगडत जाते आणि पीस सगळ्यात शेवटी पाण्यावर उतरतं. मागे थांबायचा तो एक श्वास, तोच सगळा हुन्नर. मी थांबायचो नाही, म्हणून माझं पीस मागच्या बाभळीत अडकायचं.

मामूचे नियम दोन. विती‌पेक्षा लहान मासा सोडायचा. आणि घरात जेवढी तोंडं, तेवढेच मासे. एक जास्तीचा नाही. ‘खेल के वास्ते जान नक्को लेना,’ म्हणायचा. विनाकारण मारलेली चिमणीसुद्धा कयामतच्या दिवशी अल्लाहकडे दाद मागेल, ही हदीस आमच्या घरात मुलांना लहानपणीच सांगतात. मामू त्यात मासाही धरायचा.

आता माझी गोष्ट सांगतो, जी मी आजवर लिहिलेली नाही.

1986 साल. मी सातवीत. मामूची तब्येत बरी नव्हती म्हणून त्या संध्याकाळी मी एकटाच नदीवर गेलो. त्याच्या डबीतली सगळ्यात सुंदर माशी न विचारता घेतली. आम्ही त्या पिसाच्या गळाला माशीच म्हणायचो. लाल कोंबड्याचं पीस आणि हिरवा रेशमी धागा. हिरवा धागा माहूरमध्ये फक्त मामूकडे होता, कुठल्याशा गोफातून उसवलेला. अंधार पडत आला होता. खळाळाच्या खाली जो डोह आहे, तिथे भोईकाकांचं जाळं लावलेलं असायचं. मला ते माहीत होतं. तरी मी तिथेच दोरी टाकली, कारण वर्तुळं तिथे मोठी उमटत होती. गळ जाळ्यात अडकला.

मी ओढला. निघेना. पाण्यात उतरलो, जाळं वर ओढलं. बोटांना गळ सापडेना. मामूची माशी गेली तर काय सांगू, याच भीतीनं खिशातला चाकू काढला आणि जाळ्याची घरं कापत गेलो. किती कापली ते अंधारात कळलं नाही. शेवटी नायलॉनचा धागाच तुटला. मी काठी घेऊन घरी पळालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात होतो. भोईकाका आले. ते रागावलेले नव्हते, हेच मला जास्त भीतीचं वाटलं. मामूनं विचारलं, ‘काय काका, सकाळी सकाळी?’ ते म्हणाले, ‘जाळं फाडलंय कुणी तरी. चाकूनं.’ मामूनं माझ्याकडे बघितलं. ‘काल तू गेला होतास ना? कुणी दिसलं का?’ मी म्हणालो, ‘नाही.’

भोईकाकांनी मूठ उघडली आणि बांगड्यांच्या काचेच्या पेटीवर ती माशी ठेवली. लाल पीस, हिरवा धागा.

‘भाई, ह्ये तुमचंच हाय ना?’

मामू काही बोलला नाही. माझ्यावर हातही उगारला नाही. त्यानं गल्ल्यातून पैसे काढले. भोईकाकांनी ते घेतले नाहीत, म्हणाले, ‘पैशानं जाळं विणून येत नाही. पोराला पाठवा.’ परवा घटस्थापना होती. दुकानात नव्या मालाच्या पेट्या फोडायच्या होत्या, आणि त्या कामाला मामूला मीच हवा होतो. तरी त्यानं मला दोन दिवस भोईकाकांच्या अंगणात बसवलं. सुताचा गोळा, बांबूची सुई आणि फाटलेलं जाळं. एक घर विणायला मला पाच मिनिटं लागायची. त्यांना पाच सेकंद. तिसऱ्या-चौथ्या तासाला मला मोजता आलं की मी काल किती कापलं होतं. त्या घरातल्या बाईंनी दुपारी मला भाकरी आणि झिंग्याची चटणी वाढली. खोटं बोललो त्याचा उल्लेख कुणीच केला नाही. मामूनंही नाही, मरेपर्यंत.

पण विणता विणता भोईकाका बोलायचे, आणि नदीबद्दल मला जे काही येतं त्यातलं निम्मं त्या दोन दिवसांतलं आहे. पाखरू वर येण्याआधी वर्षभर कुठे असतं, हे त्यांनी दाखवलं. खळाळातला एक दगड उलटा केला. खाली चपटे, सहा पायांचे, कडेला पिसांसारखे कल्ले हलवणारे किडे दगडाला चिकटून पळत होते. ‘हीच ती पाखरं,’ ते म्हणाले. ‘आत्ता ह्येंना पंख न्हाईत.’ शेजारी एक अळी वाळूचे कण एकमेकांना चिकटवून केलेल्या नळीत बसली होती. ‘ह्याचंबी पाखरू व्हतं. ते घर बांधून राहतंय.’

पुढे पुस्तकांत वाचलं ते असं. या शिडाच्या पंखांच्या पाखराला इंग्रजीत मेफ्लाय म्हणतात. पाण्यातलं आयुष्य काही आठवड्यांपासून वर्ष-दोन वर्षांपर्यंत, आणि हवेतलं काही तासांचं, फार तर एक-दोन दिवसांचं. पंख फुटल्यावर ते पुन्हा एकदा कात टाकतं. पंख आल्यानंतर कात टाकणारा किड्यांचा हा एकच गण जगात उरला आहे. आणि पंख आलेल्या पाखराला खाता येईल असं तोंडच नसतं. आयुष्याच्या शेवटच्या दिवशी ते काही खात नाही, फक्त जोडीदार शोधतं, पाण्यावर अंडी सोडतं आणि मरतं. हे मी मामूला सांगितलं तेव्हा तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘मतलब पंख मिले तबसे रोजा.’

2018 च्या सप्टेंबरात मी काश्मीरला गेलो. पहलगामला लिद्दर नदीच्या काठी फिरताना एक माणूस गुडघाभर पाण्यात उभा दिसला. काठी मागे, एक श्वास थांबणं, काठी पुढे. मी जागीच थांबलो. माहूरचा मामू तिथे रबरी बूट घालून उभा होता असंच वाटलं.

तो ट्राउट पकडत होता. त्याच्या डबीत शंभरेक माश्या होत्या, पिसं, ससाण्याएवढ्या बारकाईनं बांधलेले केस, सोनेरी तारा. सप्टेंबरअखेर तिथला मोसम संपतो, म्हणून ते शेवटचे दिवस. दुपार उतरल्यावर करड्या पंखांची बारीक पाखरं निघाली तेव्हा त्यानं मोठी माशी सोडून तशीच बारीक, करडी माशी बांधली. मी हसलो. ‘पहले देख, फिर डाल,’ मी मनात म्हणालो.

ट्राउट हा काश्मीरचा मूळ मासा नाही. इंग्रजांनी तो आणला. 1899 मध्ये विलायतेहून पाठवलेली अंडी वाटेतच मेली, 1900 मध्ये आलेली जगली आणि श्रीनगरजवळ हारवनला त्यांची पैदास झाली. निलगिरीत आणि मुन्नारलाही त्यांनी ट्राउट रुजवला. थंड, वाहतं, भरपूर प्राणवायू असलेलं पाणी लागतं त्याला. आपल्या दख्खनच्या नद्यांत तो एक उन्हाळाही काढणार नाही. इंग्रजांना इथल्या नद्यांत घरचा मासा हवा होता. पण त्यांच्यातल्याच हेन्री सलिव्हन थॉमस नावाच्या मद्रासकडच्या अधिकाऱ्यानं 1873 मध्ये ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक लिहून सांगितलं की इथला महाशीर कशानं कमी नाही. महाशीर आपल्या गोदावरीच्या खोऱ्यातलाही मासा, आणि पैनगंगा अखेर वर्धेतून गोदावरीलाच मिळते.

पिसाच्या माशीची कल्पना मात्र इंग्रजांचीही नाही. इसवी सनाच्या 200 च्या आसपास ईलियन नावाच्या रोमन लेखकानं मॅसिडोनियाच्या लोकांचं वर्णन केलंय. नदीवरचं पाखरू हातात धरलं की रंग उडून जातो, म्हणून ते लोक गळाला लाल लोकर आणि कोंबड्याची दोन पिसं बांधायचे. जपानच्या डोंगरांतही चक्रीशिवाय नुसत्या काठीनं अशीच माशी टाकतात. कोंबडा, रेशीम आणि बघायची सवय असली की माणूस त्याच जागी पोचतो. मामूनं यातलं काही वाचलं नव्हतं.

पहलगामच्या त्या माणसानं एक ट्राउट पकडला, अंगावर लाल ठिपके, पोट पिवळं. हात ओले करून धरला, पाण्याबाहेर न काढता गळ सोडवला आणि जाऊ दिला. कोरड्या हातानं माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, मग त्याला रोग लागतो, असं त्यानं समजावलं. गळाला उलटा काटाही नव्हता. मला ते फार सभ्य वाटलं. परत आल्यावर मी मोठ्या कौतुकानं मामूला सांगितलं.

मामू म्हणाला, ‘खाना नहीं था?’

‘नाही. तो नेहमीच सोडतो.’

‘मुँह में काँटा मारा, और सलाम करके छोड़ दिया?’

मी वाद घातला. म्हणालो, मासा जगतो, नदीत मासे टिकतात, आपल्याकडे असं केलं असतं तर आज मासे असते. तो म्हणाला, ‘छोटा हमने भी छोड़ा. लेकिन पकड़ने गए थे खाने के वास्ते.’ मी नंतर वाचलं की जर्मनीच्या कायद्यातही सबळ कारणाशिवाय कणा असलेल्या प्राण्याला वेदना देणं गुन्हा आहे, आणि नुसतं सोडून देण्यासाठी मासा पकडणं तिथे त्याच कारणानं वादाचं ठरतं. म्हणजे माहूरच्या मणियाराचं आणि जर्मनीचं एकमत. तरी मला वाटतं, पहलगामचा तो माणूसही चुकीचा नव्हता. त्याच्या नदीत मासे आहेत, कारण तिथे परवाना आहे, हद्द आहे, मोसम आहे आणि बघणारा माणूस आहे. मामूकडे फक्त मामूचा नियम होता. एका माणसाचा नियम नदी वाचवत नाही.

कारण पैनगंगेचं काय झालं ते सांगायला हवं. वर ईसापूरचं धरण आहे, पाणी सुटेल तसं नदीला पाणी. उन्हाळ्यात बऱ्याच ठिकाणी नुसती डबकी. वाळूचा उपसा वर्षानुवर्षं चाललेला. घरं बांधायला वाळू लागते हे खरं, पण खळाळातली वाळू आणि गोटे गेले की दगडाखालच्या त्या बिनपंखी पाखरांचं घर गेलं. उरलेल्या दगडांवर गाळ बसतो, आणि गाळात त्यांचे कल्ले बुजतात. कुणी रात्री बॅटरीचा करंट सोडतं, कुणी ब्लीचिंग पावडर टाकतं. सुरुंग आणि विषानं मासे मारायला 1897 च्या कायद्यानंच बंदी घातलेली आहे, पण कायदा रात्री नदीवर येत नाही. अशा मासेमारीत विती‌पेक्षा लहान, मोठा असा फरक उरत नाही. आपोआप मरून उलटा तरंगणारा मासा आम्हा हनफींमध्ये खात नाहीत. मामू तर तरंगता मासा दिसला की काठी गुंडाळून घरी यायचा. ‘आज नदी बीमार है.’

मामू गेला त्याच्या आधीच्या भादव्यात मी माहूरला होतो. त्याच्या दोन्ही डोळ्यांत पडदा आला होता, ऑपरेशनला तो तयार नव्हता. पितृपक्षाचे शेवटचे दिवस. म्हणाला, ‘ले चल.’ मोटारसायकलवर मागे बसवून मी त्याला नदीवर नेलं. त्यानं बरोबर डबी घेतली होती. बोटांनी चाचपून एक माशी काढून दिली. मी बांधली. पुलावरून धनोड्याकडे जाणाऱ्या गाड्यांचे दिवे लागले. थोडी पाखरं निघाली, पूर्वीसारखा धूर नाही, पण निघाली. चार-पाच वर्तुळं उमटली. मी वीस मिनिटं टाकत राहिलो. माझा श्वास आता बरोबर थांबतो, पीस जिथे हवं तिथे पडत होतं. एकही मासा आला नाही.

दगडावर बसल्या बसल्या मामूनं विचारलं, ‘क्या बांध्या?’

‘तुम्हीच दिलं ते.’

‘मेरेकू दिखता क्या? तेरेकू दिखता. पाखरू कैसा है?’

मी हवेत हात फिरवला. एक पाखरू तळहातावर आलं. पंख धुरकट, अंग तपकिरी. त्यानं विचारलं, ‘गहूँ के जितना, के चावल के जितना?’ तांदळाएवढं होतं. माझी माशी गव्हाहून मोठी. त्यानं ती मागून घेतली आणि पिसाचे केस दातांनी अर्धे कातरले, धाग्याची शेपटी तोडली. परत दिली. ‘पढ़-लिख के मेरी डबी देखता,’ म्हणाला, ‘नदी कौन देखेगा?’

तिसऱ्या फेकीला मासा आला. चंदेरी, चार बोटांचा. ओल्या हातानं धरून सोडला. अंधार झाला, आम्ही निघालो.

येताना मी त्याला विचारलं, ‘मामू, ती हिरव्या धाग्याची लाल माशी अजून आहे का डबीत?’ इतक्या वर्षांत मी तिचं नाव काढलं नव्हतं. त्यानं लगेच ओळखली. ‘वो? वो तो उसी दिन काका कू दे दी थी. बोला, तुम्हारे जाल में आई, तुम्हारी है.’ भोईकाकांनी ती तीन वर्षं वापरली म्हणे. शेवटी एका मोठ्या माशानं तोडून नेली.

पुलाजवळ भोईकाकांचा मुलगा मासे विकायला बसतो. पाटीत बर्फावरचा रोहू आणि कटला, आंध्रातून येणारा. त्यानं मामूला ओळखलं, उठून उभा राहिला. आम्ही एक किलो घेतला. घरी मामीनं कापता कापता विचारलं, ‘नदी का है?’ मी काही बोलायच्या आत मामू म्हणाला, ‘नहीं. खरीदा है.’